सेंटोसाचं मत्स्यालय : दोन तासांत उरकू नका

अबोली_वेंगुर्ले

सिंगापूरच्या सहलींचे कार्यक्रम पाहिले तर सेंटोसा बेटाचा दिवस बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. सकाळी युनिव्हर्सल स्टुडिओज, दुपारी जेवण झाल्यावर मत्स्यालय, मग केबल कार आणि अंधार पडला की समुद्रकिनाऱ्यावरचा प्रकाशाचा खेळ. मत्स्यालयाच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात, त्यातला अर्धा वेळ रांगेत आणि फोटोंत जातो. मुलंबाळं, आईवडील घेऊन जाणार असाल तर मत्स्यालय या गर्दीतून बाहेर काढा. त्याला एक दिवस द्या, निदान सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ द्या. हे सांगण्यासाठीच धागा काढतेय.

आधी थोडी माहिती, कारण नावावरून गोंधळ होतो. बेटावरचं रिसॉर्ट्स वर्ल्ड सेंटोसा हे पर्यटनसंकुल २०१० मध्ये सुरू झालं आणि त्यातलं एस.ई.ए. ॲक्वेरियम नोव्हेंबर २०१२ मध्ये. तेव्हा ते जगातलं सगळ्यात मोठं मत्स्यालय होतं, एकूण साडेचार कोटी लिटर पाणी. २०१४ साली चीनमधल्या चिमलाँग मत्स्यालयाने तो मान घेतला. जुलै २०२५ पासून याच जागी, तिप्पट वाढवून, सिंगापूर ओशनेरियम या नावाने ते नव्याने उघडलंय. आता त्यात २२ दालनं आहेत. त्यामुळे जुने व्हिडिओ आणि जुनी प्रवासवर्णनं पाहून वेळेचा अंदाज बांधू नका.

दालनांचं वर्णन एकामागून एक करत बसत नाही. चंद्र-जेलीफिशचं दालन सुरुवातीलाच लागतं आणि तिथे प्रत्येक जण थांबतो. पुढे खोल समुद्राच्या दालनात देवमासा मेल्यावर त्याचं धूड तळाशी जाऊन काय होतं ते मांडलंय. एक देवमासा तळाशी पडला की त्यावर कित्येक दशकं जीव पोसले जातात. आधी मांस खाणारे येतात, मग हाडांत शिरणारे किडे, शेवटी हाडांतून सुटणाऱ्या रसायनांवर जगणारे जीवाणू. माझी मुलगी तिथे बराच वेळ खिळून होती. शाळेत 'अन्नसाखळी' म्हणून पाठ केलेली गोष्ट तिला तिथे कळली.

पण ज्यासाठी वेळ राखून ठेवायचा ती आहे मोठी टाकी, ओपन ओशन. समोर ३६ मीटर रुंद आणि ८.३ मीटर उंच पारदर्शक भिंत, तिच्यामागे एक कोटी ऐंशी लाख लिटर पाणी. दालनात अंधार असतो आणि सगळा उजेड पाण्यातून येतो. लोक आत शिरतात, "अरे बापरे" म्हणतात, पाठ करून फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही खाली बसा. पहिल्या काही मिनिटांत फक्त गर्दी दिसते, कुठे काय बघावं सुचत नाही. मग हळूहळू एकेकाची वाट लक्षात येते. चकचकीत माशांचा थवा एकाच कोपऱ्यात का वळतो, एखादा गोबरा दगडाच्या आडोशाला तासभर का हलत नाही, मुशी तळाशी का झोपल्यासारखी पडून असते, असं एकेक दिसायला लागतं.

सासूबाई बरोबर होत्या. त्यांचं बालपण वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ गेलेलं. त्यांना पाट्या वाचायची गरजच पडली नाही. "हा बघ पाकट, ही तांबोशी, ही वाम, आणि ही मोरी, पण आपल्याकडे एवढी मोठी येत नाही." त्या नातीला बोटाने दाखवत होत्या आणि मागे उभं असलेलं एक तमिळ कुटुंबही ऐकायला पुढे सरकलं. त्यांनी आयुष्यभर मासे टोपलीत आणि ताटात पाहिलेले. ते पोहतात कसे हे एवढ्या जवळून त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

मग मांटा आली. मांटा रे हा पाकटाच्याच कुळातला, पण शेपटीला विषारी काटा नसलेला प्राणी. ती भिंतीला जवळजवळ घासून वर गेली तेव्हा तिचं पोट आमच्यासमोर पूर्ण उघडं आलं. पांढरं पोट, दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पाच-पाच चिरा, आणि मध्ये शाई सांडावी तसे काळे डाग. हे डाग प्रत्येक मांटाचे वेगळे असतात, अभ्यासक त्यावरूनच त्यांना ओळखतात. डोक्याच्या पुढे दोन पट्ट्या असतात. नुसतं पोहताना त्या गुंडाळलेल्या असतात, खायची वेळ झाली की उलगडतात आणि त्यांनी पाणी तोंडात वळवलं जातं. पट्टी उलगडताना पाहायला मिळाली तेव्हा सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

आमच्या शेजारी एका टूर कंपनीचा ग्रुप होता, मराठीच. झेंडा धरलेला मुलगा "चला चला, बस लागलीय" म्हणत होता आणि एक आजी मागे वळून वळून बघत होत्या. ते बघवलं नाही. जाणाऱ्यांनी कंपनीला आधीच विचारा, मत्स्यालयाला किती वेळ आहे. आणि कमी असेल तर तो भाग स्वतः करा, अजिबात अवघड नाही.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

मिलिंद_डोंबिवली

छान लिहिलंय अबोलीताई. बाबांचं वय ७८, गुडघ्यांचा त्रास. चालणं किती पडतं? आणि बेटावर जायचं कसं, टॅक्सीच करावी लागते का?

टेकडीवरचा

मिलिंद, मी सिंगापूरलाच असतो म्हणून मध्ये बोलतो. टॅक्सी थेट रिसॉर्टपर्यंत जाते, बाबांसाठी तेच बरं. मेट्रोने यायचं तर हार्बरफ्रंट स्थानकावर उतरा, वरच व्हिवोसिटी मॉल आहे. त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्सप्रेस ही छोटी मोनोरेल सुटते. बेटावर जाताना ४ डॉलर, येताना काही नाही, आणि बेटावरच्या बेटावर फिरायलाही फुकट. पहिलंच स्थानक रिसॉर्ट्स वर्ल्ड. सगळीकडे लिफ्ट आणि उतार आहेत, व्हीलचेअर आरामात जाते. पाय धड असतील तर मॉलच्या बाजूने पाण्यावरून जाणारा लाकडी बोर्डवॉक आहे, तो मला मोनोरेलपेक्षा जास्त आवडतो. पण दुपारच्या उन्हात नको.

मत्स्यालय पूर्ण बंदिस्त आणि थंडगार आहे, तेव्हा बाबांना एक शाल असू द्या. सुट्टीचे वार टाळा. जून आणि नोव्हेंबर-डिसेंबर या इथल्या शाळांच्या सुट्ट्या, त्यात दिवाळीला भारतातून येणारी गर्दी. ते टाळता आलं तर उत्तमच.

आता थोडं जुनं. सेंटोसाला पूर्वी पुलाऊ ब्लाकांग माती म्हणत. इंग्रजांच्या काळात हे लष्करी बेट होतं, बराकी आणि तोफा. पश्चिम टोकाला फोर्ट सिलोसो अजून उभा आहे, तोफांसकट. स्वातंत्र्यानंतर सरकारने हे बेट पर्यटनासाठी द्यायचं ठरवलं आणि १९७२ मध्ये सेंटोसा डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन स्थापन झालं. या बेटावरचं आधीचं मत्स्यालय वेगळंच होतं, सिलोसोजवळचं अंडरवॉटर वर्ल्ड. ते १९९१ मध्ये उघडलं आणि जून २०१६ मध्ये बंद झालं. पाण्याखालच्या बोगद्यात सरकता पट्टा होता, त्यावर उभं राहायचं आणि डोक्यावरून शार्क जायचे. आमच्या मुलांचं लहानपण त्या पट्ट्यावर गेलं. तिथे एक डुगाँगही होती. डुगाँग म्हणजे समुद्री गाय, समुद्री गवत खाऊन जगणारा शांत प्राणी. आमची धाकटी घरी आल्यावर त्या डुगाँगला पत्रं लिहायची.

नवीन मत्स्यालय आलं आणि जुनं मागे पडलं. ती टाकी छोटी होती, काळाच्या मानाने जुनाट होती, तरी तिची आठवण निघाली की इथले जुने लोक हळवे होतात.

मुगाची_खिचडी

शाकाहारी जेवणाचं काय? सोबत घेऊन जावं का?

टेकडीवरचा

न्याहारी भरपेट करून निघा. बेटावर शाकाहारी मिळतं, पण निवड कमी आणि भाव जास्त. व्हिवोसिटीत पर्याय आहेत. खरं जेवण संध्याकाळी लिटल इंडियात करा, सेरंगून रोडवर कोमला विलास १९४७ पासून आहे. च्युइंगगम मात्र सिंगापूरला येताना आणूच नका, बंदी आहे.

यंत्रवेध

धागा वाचून राहवलं नाही. या मोठ्या टाक्यांचं यंत्रशास्त्र मला माशांइतकंच थक्क करतं, म्हणून थोडं लिहितो.

पहिली गोष्ट, ती भिंत काचेची नाही. ॲक्रिलिक आहे. एवढ्या जाडीची काच हिरवट दिसते, ॲक्रिलिक जाड झालं तरी स्वच्छ राहतं, साधारण ९२ टक्के प्रकाश आरपार जातो. ओरखडा पडला तर पॉलिश करून घालवता येतो. आणि तुकडे एकमेकांना जोडताना सांध्यात तेच रसायन ओतून घट्ट करतात, त्यामुळे सांधा डोळ्याला दिसत नाही. जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयातली भिंत २२.५ मीटर रुंद, ८.२ मीटर उंच आणि ६० सेंटीमीटर जाड आहे. साठ सेंटीमीटर म्हणजे हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजा आणि वर जवळजवळ वीतभर जास्त.

दुसरी गोष्ट. भिंतीवरचा दाब टाकीत किती पाणी आहे यावर ठरत नाही, पाणी किती खोल आहे यावर ठरतो. टाकी भिंतीच्या मागे दहा मीटर पसरलेली असो की शंभर मीटर, भिंतीला फरक पडत नाही. आठ मीटर खोलीवर दर चौरस मीटरला आठ टनांहून थोडा जास्त दाब असतो, वरच्या कडेला जवळजवळ शून्य. पाणी भिंतीच्या वरच्या कडेपर्यंत आहे असं धरलं, तर सेंटोसाच्या भिंतीवर एकूण जोर बाराशे टनांच्या पुढे जातो. आणि समोर लोक मांडी घालून बसलेले असतात. त्या गणितावर कोणीतरी किती विश्वास ठेवलाय बघा.

तिसरी गोष्ट, पाण्यातून येणारा प्रकाश बाहेर येताना वळतो, त्यामुळे भिंतीमागे चार मीटरवर असलेला मासा तीन मीटरवर असल्यासारखा दिसतो. मांटा "अगदी घासून गेली" असं वाटतं, त्यात याचाही हात आहे.

आता पाणी. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. ओपन ओशनच्या एक कोटी ऐंशी लाख लिटरमध्ये म्हणजे ६३० टन मीठ विरघळलेलं आहे. पण मिठापेक्षा अवघड काम स्वच्छतेचं. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि तो त्यांच्यासाठीच विष असतो. गाळणीच्या थरांत वाढवलेले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दुसऱ्या बाजूला उंच नळकांड्यांत पाण्यात बारीक हवा सोडतात, फेस होतो, फेसाला चिकटून चिकट घाण वर येते आणि ती काढून टाकतात. शिवाय वाळूच्या गाळण्या, ओझोन. ही सगळी यंत्रं पाहुण्यांना न दिसणाऱ्या भागात असतात. पंप थांबले तर प्राणवायू कमी व्हायला वेळ लागत नाही, म्हणून विजेची पर्यायी सोय हीच अशा जागेची खरी नाडी.

चंद्र-जेलीफिशची टाकी गोल का असते हेही पाहा. जेलीफिशला स्वतःचा जोर फार नसतो, कोपरा आला की ती तिथे अडकते आणि फाटते. म्हणून पाणी सतत गोल फिरतं ठेवतात, कोपरा नसलेल्या टाकीत.

अबोली_वेंगुर्ले

यंत्रवेध, वाचून परत जावंसं वाटलं! मुलीला आठ टनांचं वाचून दाखवलं, ती म्हणाली मग आपण इतक्या जवळ का बसलो.

गंधाली

वेगळा सूर लावतेय, पण मनापासून. सेंटोसाच्या याच रिसॉर्टने सुरुवातीच्या योजनेत व्हेल शार्क ठेवायचं ठरवलं होतं. जगातला सगळ्यात मोठा मासा, बारा मीटरच्याही पुढे वाढणारा, हजारो किलोमीटर फिरणारा. प्राणिप्रेमी संघटनांनी आवाज उठवला आणि २००९ मध्ये तो विचार सोडून दिला गेला. मात्र डॉल्फिन आले. सॉलोमन बेटांजवळच्या समुद्रातून पकडलेले २७ डॉल्फिन या रिसॉर्टसाठी घेतले गेले आणि त्यातले चार मेले. एक तर सिंगापूरला आणताना विमानातच. सिंगापूरमध्ये त्याविरुद्ध मोठी मोहीम झाली.

आपल्या देशाने २०१३ मध्ये डॉल्फिनचे खेळ भरवणारी केंद्रं उभारायला बंदी केली. तेव्हा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने स्पष्ट म्हटलं होतं की इतक्या बुद्धिमान प्राण्याला करमणुकीसाठी कोंडून ठेवणं नैतिकदृष्ट्या मान्य नाही. मला त्या निर्णयाचा अभिमान आहे. मग परदेशात गेल्यावर तिकीट काढून आपण तेच का बघायचं? मांटा समुद्रात एका दिवसात जेवढं अंतर कापते, तेवढं अंतर टाकीत कापायला तिला किती फेऱ्या घालाव्या लागत असतील? अबोलीताई, तुमच्या सासूबाईंचा आनंद खरा आहे, त्याबद्दल एक शब्द नाही. पण माझ्या मुलाला मी तिथे नेणार नाही.

सागरमेघा

गंधालीताई, मुद्दा महत्त्वाचा आहे. मी रत्नागिरीत सागरी जीवशास्त्र शिकते. डॉल्फिनच्या बाबतीत पूर्ण सहमत. त्यांची बुद्धी, त्यांचे कळप, आवाजाने जग ओळखायची त्यांची पद्धत, हे सगळं टाकीत मारलं जातं. माझ्या मते डॉल्फिनच्या जागेचं तिकीट वेगळं असेल तर ते काढू नये, आणि का काढलं नाही ते मुलांना सांगावं.

पण सगळ्या प्राण्यांना एकाच मापाने मोजू नये असं वाटतं. झेब्रा शार्कचं उदाहरण देते. पिल्लाच्या अंगावर पट्टे असतात म्हणून झेब्रा, मोठा झाला की ठिपके. शांत प्राणी, दिवसा तळाशी पडून असतो. बेसुमार मासेमारीमुळे इंडोनेशियातल्या राजा अंपातमधून तो जवळजवळ नाहीसा झाला. तिथला समुद्र आता संरक्षित आहे, अन्न आहे, जागा आहे, फक्त शार्क नाहीत. मग ऑस्ट्रेलियातल्या मत्स्यालयांत झेब्रा शार्कनी घातलेली अंडी विमानाने राजा अंपातला नेली, तिथे पिल्लं वाढवली आणि २०२३ पासून समुद्रात सोडायला सुरुवात केली. टाकीतल्या शार्कची लेकरं खुल्या समुद्रात! मत्स्यालयं नसती तर ही अंडी कुठून आणली असती?

दुसरं, मांटाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं काही टाकीतूनच कळलं. ओकिनावात २००७ मध्ये मांटाने टाकीत पिल्लाला जन्म दिला, जगात पहिल्यांदाच. त्या जन्माचं चित्रीकरण झालं. मांटा अंडी बाहेर घालत नाही, बऱ्याच काळाने एकच पिल्लू देते. म्हणूनच मासेमारीत थोड्या मारल्या गेल्या तरी त्यांची संख्या पटकन कोसळते. आपल्या कोकण किनाऱ्यावरही त्या जाळ्यात येतात.

मी स्वतः तिकीट काढताना काय बघते ते सांगते: तिथे पिल्लं जन्मतात की सगळे प्राणी समुद्रातून पकडून आणलेत, प्राण्यांना खेळ करायला लावतात का, आणि संशोधनाचं खरं काम चालतं की नुसत्या पाट्या आहेत. हे विचारलं तर कर्मचारी सांगतात. विचारणारे वाढले तर जागाही बदलतात, व्हेल शार्कचा विचार सोडला गेला तो लोकांनी विचारल्यामुळेच.

गंधाली

झेब्रा शार्कची गोष्ट माहीत नव्हती, वाचून बरं वाटलं. तरी मांटाच्या बाबतीत मन तयार होत नाही. एवढा मोठा, सतत पोहणारा प्राणी टाकीत ठेवू नये, मग टाकी कितीही मोठी असो. इथे आपलं मत वेगळं राहू दे.

अबोली_वेंगुर्ले

गंधालीताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ विचार करत होते. आम्ही डॉल्फिनकडे गेलो नाही, आणि आता पुढे कुणी विचारलं तर कारणासकट सांगेन. मांटाच्या बाबतीत मी सागरमेघाच्या बाजूला आहे, आणि कारण सासूबाईच. त्या दिवसापासून बाजारात पाकटाचं छोटं पिल्लू दिसलं की त्या कोळणीला म्हणतात, "बाय, हे एवढंसं कशाला आणलंस?" सत्तर वर्षं मासे खाल्लेल्या बाईच्या तोंडी हे वाक्य मी आधी कधी ऐकलं नव्हतं. घाईत पाहिलं असतं तर असं झालं नसतं असं मला ठामपणे वाटतं. मांटाने फेऱ्या घालायच्या आणि आपण दोन तासांत पाठ फिरवून निघायचं, हे मात्र तिच्यावर नक्कीच अन्यायाचं आहे.

साकुरा_पुणे

यंत्रवेध यांनी चुराउमीचा उल्लेख केला म्हणून लिहिते. मी जपानमध्ये असते. ओकिनावा बेटाच्या उत्तरेला मोटोबूत हे मत्स्यालय आहे, २००२ पासूनचं. तिथल्या कुरोशियो नावाच्या मोठ्या टाकीत ७,५०० टन पाणी आणि व्हेल शार्क. तिथला जिंता नावाचा व्हेल शार्क १९९५ पासून सांभाळलेला. तो खाताना जवळजवळ उभा होतो आणि तोंड उघडलं की भोवतालचं पाणी आत खेचलं जाताना दिसतं. टाकीच्या शेजारीच बसायची जागा आहे, तिथे आजी-आजोबा बराच वेळ बसलेले असतात. बाहेर आलं की समोर खरा समुद्र, आणि त्यात इए बेट. मला वाटतं मत्स्यालय समुद्राच्या काठावरच असावं, आत पाहिलेलं बाहेर आल्याबरोबर ताडून बघता येतं.

गंधालीताईंचा प्रश्न मात्र तिथेही लागू आहे, व्हेल शार्कसाठी तर जास्तच.

दर्यावर्दी

साकुरा, शेवटचं वाक्य पटलं. म्हणून मी म्हणतो, मत्स्यालय बघा पण त्याआधी नाहीतर त्यानंतर आपला किनारा बघा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती प्रवाळ आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, आपल्या राज्यातलं पहिलंच. तोंडाला मुखवटा लावून पाण्यात डोकं घातलं की खाली रंगीत मासे. पाणी सिंगापूरच्या टाकीइतकं नितळ नसतं, पावसाळ्यानंतर लगेच तर नाहीच. डिसेंबर ते फेब्रुवारी बरं. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही एवढं पाळा. बोटवाला "उतरा, उभे राहा" म्हणाला तरी नाही.

आणि मुंबईकरांना तर कुठे जायलाच नको. मोठी ओहोटी असेल तेव्हा हाजीअलीच्या, जुहूच्या खडकांत जा. खळग्यांत समुद्रफुलं, खेकडे, कधी छोटा ऑक्टोपस. कोस्टल रोडच्या कामात २०२० साली प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या, म्हणजे मुंबईच्या काठावर प्रवाळ आहेत हे तरी लोकांना कळलं. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं. आमच्या पिढीने पहिला समुद्री घोडा तिथेच पाहिला. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन बारा फुटांचा बोगदा झाला तेव्हा मी नातवाला घेऊन गेलो होतो. बारा फूट म्हणजे चार पावलं, पण तो परत परत फिरून येत होता.

जाळ्यात व्हेल शार्क आला तर जाळं कापून त्याला सोडणारे मच्छीमार आपल्याच किनाऱ्यावर आहेत. २००१ पासून तो वाघाच्या बरोबरीने संरक्षित आहे. त्याचं मोल सिंगापूरच्या तिकिटाहून जास्त.

टेकडीवरचा

दर्यावर्दी काका, सलाम. सिंगापूरलाही असा किनारा आहे आणि पर्यटक तिथे फारसे फिरकत नाहीत. एवढ्याशा देशाच्या पाण्यात प्रवाळांच्या अडीचशेवर जाती आहेत. सिस्टर्स आयलंड्सचं सागरी उद्यान २०१४ मध्ये झालं. नेपच्यूनचा पेला म्हणतात तो भला मोठा स्पंज, एकोणिसाव्या शतकात याच पाण्यातून जगाला कळला, मग संपला असं समजलं गेलं, आणि २०११ मध्ये इथेच पुन्हा सापडला.

पण सहलीला आलेल्यांनी पुलाऊ उबिन बेटावरच्या चेक जावा या पाणथळ किनाऱ्यावर जावं. तिथे भराव घालायचं ठरलं होतं. लोकांनी ओहोटीला जाऊन जीवांच्या नोंदी केल्या, सरकारपुढे ठेवल्या आणि २००१ च्या अखेरीला भराव पुढे ढकलला गेला. ती जागा आजही आहे.

मिलिंद_डोंबिवली

मत्स्यालयाला एक दिवस आणि चेक जावाला एक सकाळ, असं ठरवतोय. चेक जावा बाबांना झेपेल का?

टेकडीवरचा

चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लाकडी होडी निघते, बारा माणसं भरली की सुटते. होडीत चढताना एक पाय उचलावा लागतो, तिथे बाबांचा हात धरा. उबिनवर उतरल्यावर व्हॅन भाड्याने मिळते, चालत किंवा सायकलने गेलात तर अंतर बरंच आहे. चेक जावाला पाण्यावरून आणि खारफुटीतून एक किलोमीटरहून लांब लाकडी वाट आहे, सपाट आहे, बाबा थांबत थांबत करतील. तिथल्या पाहणीच्या मनोऱ्यावर चढू नका, तो वीस मीटर उंच आहे. भरती-ओहोटीचं कोष्टक आधी बघा, पाणी अर्ध्या मीटरच्या खाली जातं तो दिवस निवडा, नाहीतर वाटेवरून नुसतं पाणीच दिसेल. टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि डासांचं मलम लागेलच. कोणत्या महिन्यात येताय ते कळवा, ओहोटीच्या वेळा बघून सांगतो.

मिलिंद_डोंबिवली

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. बाबांना अबोलीताईंचं मांटाचं वर्णन वाचून दाखवलं. शाल बाहेर काढून ठेवलीय त्यांनी.